बाळाक्काच्या सोप्यावरचा राजा

कोगनोळीच्या खालच्या गल्लीत दुपारची कुठलीही बाई हवी असली तर तिच्या घराची कडी वाजवून उपयोग नसे. सरळ बाळाक्काच्या सोप्यावर, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर जायचं. तिथं गल्लीतल्या सात-आठ जणी मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसलेल्या. सुपात एका अंगाला भिजवून कातरलेली पानं, दुसऱ्या अंगाला जर्दा, गुडघ्यापाशी दोऱ्याचं रीळ, आणि मधल्या खांबाला पाठ लावून बाळाक्का. तिकडं महामार्गावर पुलाचं काम चाललेलं, जेसीबीची घरघर सकाळपासून कानाशी. पण बाळाक्कानं तोंड उघडलं की जेसीबी असून नसल्यासारखा व्हायचा.

बिडीला हात लागतात, कान मोकळे राहतात. ते कान आपले, असं बाळाक्का धरून चालली होती. दुसरं तिचं होतं काय? नवरा तंबाखूच्या वखारीत पोती उचलून उचलून दम्यानं गेला. पोरगा सूरज कागलच्या कारखान्यात लागला आणि बायको घेऊन तिकडंच राहिला. सणाला येतो, जाताना भुईमुगाच्या शेंगा नेतो. बाळाक्का त्यावर कधी रडली नाही. घर रिकामं असेना का, सोपा भरलेला होता.

आणि सोपा भरत होता तो कवडीनगरच्या कथेनं.

ही कथा तिच्या सासूची. कवडीनगरात रस्त्याला दगडाऐवजी कवड्या, राजवाड्याचे खांब माणसाचं बोलणं ऐकणारे, तळ्यातले मासे रात्री आकाशात जाऊन चांदण्या होणारे. राजा मेघसेन. तो मुळात गुराखी. जुना राजा निपुत्रिक मेला तेव्हा सोंडेत हार देऊन हत्तीण गावभर फिरवली, आणि तिनं कडेला उभ्या असलेल्या ह्या गुराख्याच्या गळ्यात हार घातला. तिथनं कथा सुरू. तिला शेवट नव्हता. सासू पंचवीस-तीस वर्षं ती वळत राहिली आणि एका उन्हाळ्यात, राजा सात पायांच्या घोड्यावर बसलेला असतानाच, गेली. दिवस झाले, बायका पुन्हा सुपं घेऊन आल्या. मग सगळ्यांनी खांबाकडं बघितलं. खांबाला टेकून बाळाक्का बसली होती. तिला कुणी निवडलं नव्हतं. ती तिथं बसलेली होती, एवढंच.

"मग, घोडं कुठं गेलं गं?" शेजारच्या रुक्माबाईनं विचारलं. बाळाक्का म्हणाली, "जातंय कुठं, आलं की डोंगरापातूर," आणि तिची ती सुरुवात.

कथा चांगली चालली आहे का नाही, हे बाळाक्काला बायकांच्या तोंडावर बघावं लागत नसे. ते संध्याकाळी भरमू सांगायचा. भरमू हा ठेकेदाराचा माणूस. शाळेपलीकडच्या पत्र्याच्या शेडात बसून तो प्रत्येकीच्या बिड्या हातात घेऊन दाबून बघायचा, आणि ढिली वळलेली बिडी छाट म्हणून बाजूला फेकायचा. राजा जंगलात अडकला, राणीच्या अंगात नागीण शिरली, की बायकांची बोटं मंदावायची, जर्दा कमीजास्त पडायचा, दोरा सैल बसायचा, आणि त्या दिवशी खालच्या गल्लीची छाट ढिगानं पडायची.

"काय आक्का, आज राजाला काय झालं?" भरमू विचारायचा. "दोन मुठी छाट हाय रुक्माबाईचीच."

"तिला इचार की. तिचं चित्त कुठं व्हतं?" बाळाक्का वरवर रागानं म्हणायची आणि परतताना पदराआड हसायची. नुकसान बायकांचं व्हायचं, तरी दुसऱ्या दिवशी सगळ्या येऊन बसायच्या. ह्यापेक्षा मोठी दाद बाळाक्काला ठाऊक नव्हती.

दिपाली ह्या गल्लीत लग्न करून आली ती येळ्ळूरहून. नवरा स्वरूप टेम्पो चालवणारा. माहेरी भाताची शेती, बिडीचं नाव नाही. इथं येऊन सासूकडं शिकली. तिची बोली बेळगावकडची. "काय करूलीस?" "जेवूलेय." बायका तिला बोलायला लावून हसायच्या. "दिपाली, तुझा नवरा कुठं गेलाय?" "निपाणीस जाऊलाय." की सोपा हसायचा. तीही हसायची. रागवायची नाही, हेच बायकांना आवडलं.

आणि कथेला हुंकार द्यायची ती. हुंकार म्हणजे सांगणाऱ्याच्या प्रत्येक वाक्यामागं ऐकणाऱ्यानं "हूं" म्हणायचं. तो नसला तर सांगणाऱ्याची जीभ कोरडी पडते. आजवर कुणीही हुंकार द्यायचं. दिपाली आली आणि तिचा "हूं" निराळा ठरला. कधी लांबवायची, कधी मधेच तोडायची, कधी वाक्य संपल्यावर जरा थांबून असा द्यायची की बाळाक्कालाच पुढचं सुचायचं. पहिल्यांदा बाळाक्का खूश होती. "पोरीला कान हाईत," असं तिनं चारचौघींत सांगितलंसुद्धा. हळूहळू तिच्या ध्यानात आलं की कथा सांगते ती, आणि बायका बघतात दिपालीच्या तोंडाकडं.

त्या वर्षी चैत्रात भाचीच्या लग्नाला बाळाक्का चिकोडीकडं गेली. आठवडाभर राहिली. परत आली, दुपारी खांबाला टेकली, सूप मांडीवर घेतलं.

"तर कुठवर आलतो आपण?"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. रुक्माबाई तिच्या वयाची, एकाच साली दोघी ह्या गल्लीत सुना म्हणून आलेल्या. तीच म्हणाली, "तू न्हवतीस, मग दिपालीनं वाईच पुढं नेलंय बग."

"नेलंय म्हंजे?"

"हत्तिणीचं सांगितलं तिनं. हत्तीण आंधळी व्हती म्हणं."

"निम्मी आंधळी," दुसरी म्हणाली. "मोतीबिंदू झालता."

"तिला राजाबिजा काय दिसलाच न्हाय. मेघसेनाच्या धोतराला गुळाचा खडा बांधलेला व्हता, त्या वासानं गेली आन् टाकला हार."

"आन् हे माहुताला म्हाईत. आन् राजालाबी म्हाईत."

सगळ्या एकदम बोलत होत्या. बाळाक्कानं दिपालीकडं बघितलं. ती पान कातरत होती.

"कुणी सांगितलं तुला हे?"

"कुणी न्हाय आक्का. मला तसं वाटूलतं."

"माझ्या सासूनं तसं सांगितलेलं न्हाय."

"व्हय की. मी आपली अशीच बोलले. तुमी सांगा आता."

बाळाक्कानं सांगितलं. घोडा सांगितला, डोंगर सांगितला. बायका हूं हूं म्हणाल्या. पण मधेच कुणीतरी विचारलं, "आक्का, राजाला त्या माहुताचं भ्या वाटत नसंल का?" आणि सगळ्यांचे हात थांबले. बाळाक्कानं घाईनं घोडा पुढं हाकला.

त्यानंतर दोन दिवस तिला भाकरी गोड लागली नाही. दिपालीनं कथा पळवली ह्याचा राग होता, पण तो वरचा. खालचा निखारा दुसराच होता. इतकी वर्षं ती हत्तीण आपण गावभर हिंडवली, सासूनं हिंडवली, आणि तिच्या डोळ्यांत एकदाही वाकून बघितलं नाही. काल आलेल्या पोरीनं बघितलं. ते सुचायला पाहिजे होतं आपल्याला. ते आपलंच होतं, आपल्याच सोप्यावर पडलेलं होतं, आणि उचललं तिनं. पाणी भरताना, चुलीपुढं, जर्दा चाळताना बाळाक्का मनात ती हत्तीण पुन्हा पुन्हा चालवून बघायची, आणि प्रत्येक वेळी ती आंधळीच निघायची. डोळस हत्तीण आता जमेनाच.

तिसऱ्या दिवशी तिनं कथेत दवंडी पिटली.

"हत्तीण आंधळी म्हणणाऱ्याची राजा सावली काढून घेणार, अशी दवंडी पिटली कवडीनगरात. सावली गेली की माणूस जित्ता राहतंय, पर त्याचं काय खरं न्हाय. हाताला यश न्हाय, दुधाला साय न्हाय. राजाचं शिपाई यायचं, सावलीला खिळा ठोकायचं आन् चादरीगत गुंडाळून कोठारात न्यायचं."

बायकांना हे नवं होतं. बोटं मंदावली.

"पयल्यांदा सावली नेली ती एका परगावच्या पोरीची. येऊलंय-जाऊलंय असं बोलणारी व्हती ती."

सगळ्यांनी दिपालीकडं बघितलं. दिपालीनं बिडीचं तोंड दुमडलं, दोरा फिरवला, आणि जरा थांबून, अगदी नेमक्या ठिकाणी म्हणाली, "हूं."

रुक्माबाईला हसू आवरलं नाही. ती फस्सकन हसली. बाकीच्याही हसल्या. हसण्यात वाईट काही नव्हतं, पण बाळाक्काच्या अंगाला ते जर्द्यासारखं झोंबलं. पोरगी भ्याली नाही ते नाही, वर तिच्यापायी बाकीच्या हसल्या. दिपालीचा राग तिनं तिथंच गिळला आणि हसणाऱ्यांकडं मोर्चा वळवला.

"त्या पोरीचं बोलणं ऐकून दरबारात एक बाई हसली," ती पुढं म्हणाली. "तिच्या दारात काळी म्हस व्हती. डावं शिंग मोडकं. राजानं बाईला काय केलं न्हाय. म्हशीची सावली नेली."

डाव्या मोडक्या शिंगाची काळी म्हैस गल्लीत एकच होती, रुक्माबाईची.

"माझ्या म्हशीवर का गं घसरलीस?" रुक्माबाई हसतच म्हणाली, आणि संध्याकाळी सूप उचलून गेली.

दुसऱ्या दिवशी म्हशीनं वैरणीला तोंड लावलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी दूध आटलं, पोट टम्म फुगलं. निपाणीहून डॉक्टर आला, त्यानं तपासून सांगितलं की लग्नातल्या उष्ट्यासकट प्लास्टिकची पिशवी खाल्ली आहे. औषध पाजलं, इंजेक्शन दिलं, बघू म्हणाला. प्लास्टिकचं सगळ्या गल्लीनं ऐकलं आणि मान्यही केलं. पण म्हैस उकिरड्यावर रोजच हिंडत होती. पिशवी नेमकी त्याच दिवशी कशी अडकली, हे डॉक्टरला सांगता आलं नसतं.

डॉक्टर येऊन गेल्याच्या दुसऱ्या सकाळी बाळाक्का सोपा लोटत होती तेव्हा रुक्माबाई आली. हातात नारळ, लिंबू आणि खणाचा तुकडा. पायरीखालीच उभी राहिली.

"आक्का, माझं चुकलं. तुमी माझ्या म्हशीची सावली तेवढी सोडा."

इतक्या वर्षांत रुक्माबाईनं तिला "तुमी" म्हटलं नव्हतं. बाळाक्काच्या हातातला झाडू थांबला. आता हसायचं होतं. हसून "अगं खुळे, प्लास्टिक खाल्लंय तिनं, कथेचं काय घेऊन बसलीस" असं म्हणायचं होतं. ते शब्द ओठापर्यंत आले. मग तिला त्या दिवशी फस्सकन हसलेली रुक्माबाई आठवली. आज त्याच तोंडावर घाम होता.

"ठीव हितं," बाळाक्का म्हणाली. नारळ घेतला.

दुपारी कवडीनगरच्या राजाला दया आली आणि त्यानं म्हशीची सावली सोडली. संध्याकाळपर्यंत औषध लागू पडलं. म्हशीनं शेण टाकलं, पाणी प्याली, रात्रीला वैरण ओढली. गल्लीनं डॉक्टरचे पैसे दिले आणि आभार बाळाक्काचे मानले.

आता सोप्यावरची बसण्याची रीतच बदलली. पूर्वी उशिरा येणारी कोपर मारून जागा करून घ्यायची. आता सगळ्या वेळेच्या आधी हजर. बाळाक्काच्या पाठीला कुणीतरी उशी दिली. चहा तिला पहिला. तिनं कथेत एखादीला धांदरट म्हटलं तर ती बाई घरी जाऊन नवऱ्याला विचारायची, मी धांदरट हाय का हो. एकीनं मोबाईलवर मालिका बघता बघता कथा ऐकली. बाळाक्का नुसती तिच्याकडं बघून म्हणाली, "राजाच्या खांबांस्नी सगळं ऐकू येतंय," आणि दुसऱ्या दिवशीपासून सगळ्यांचे मोबाईल घरी. बाळाक्कानं कुणाला काही केलं नाही. करायची गरजच पडली नाही.

सुरुवातीचे दिवस तिला हे गोड लागलं. दिपालीचा तो नेमका, थांबून दिलेला "हूं" आता ऐकूच येत नव्हता, कारण सगळ्या एकदम "हूं" म्हणत. वाक्य संपायच्या आत म्हणत. बाळाक्कानं श्वास घ्यायला तोंड मिटलं तरी म्हणत.

"राजा जंगलात गेला..."

"हूं."

"न्हाय, थांबा गं. जंगलात गेला न्हाय, जाणार व्हता."

"हूं, हूं. जाणार व्हता."

"मग?" असं मात्र कुणी विचारेना. विचारणं म्हणजे तोंड उघडणं, आणि कुठल्या शब्दाला कुठली सावली जाईल ह्याचा भरवसा कुणी द्यावा?

महिनाभरानं भरमू तिला म्हणाला, "आक्का, कथा बंद केलीसा व्हय?"

"का रं?"

"न्हवं, छाटच पडंना तुमच्या गल्लीची. बिड्या कशा, शिशाच्या कांडीगत. मालक खूश हाय."

बाळाक्का "हं" म्हणाली आणि घरी आली. बायकांचे हात न चुकता चालत होते. म्हणजे चित्त सगळं हातात होतं. ती सांगत होती ते कुणी ऐकतच नव्हतं. आपलं नाव येतं का, तेवढ्यावर कान ठेवून बसल्या होत्या सगळ्या.

तिनं मग कथा तिखट केली. राजानं राणीला भिंतीत चिणलं, माहुताची जीभ मोरांना घातली. बिड्या आणखी घट्ट झाल्या.

आणि मग, ज्येष्ठ लागल्यावर, एका संध्याकाळी शेडात भरमूच्या फळीवर छाटीचा ढीग पडला. बाळाक्कानं लांबूनच बघितला. रुक्माबाईची छाट, तिच्या शेजारणीची छाट, दिपालीची तर मूठभर. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी भरमू हसून म्हणाला, "परत रंगात आली वाटतं कथा. आक्का, तुमची तेवढी एक छाट न्हाय बगा."

तिला जे कळायचं ते तिथंच कळलं. तिच्या सोप्यावर दुपारी वळलेली एकही बिडी ढिली नसायची, हे तिनं डोळ्यांनी बघितलं होतं. म्हणजे ह्या बायका दुसरीकडं कुठंतरी, दुसऱ्या वेळेला बिड्या वळत होत्या. आणि तिथं त्यांची बोटं मंदावत होती. नवऱ्याच्या सदऱ्याला परका वास आला की बाईला जसं होतं, तसं बाळाक्काला त्या छाटीच्या ढिगाकडं बघून झालं. तिनं एक ढिली बिडी उचलली, दाबली. हातात चुरा झाला.

सकाळी पानं कातरायची सोडून ती निघाली. एकीचं दार ओढलेलं, दुसरीचं ओढलेलं. दिपालीच्या घरामागं परडं होतं, आणि परड्याच्या भिंतीला लागून बाहेरच्या अंगाला शेणींचा, म्हणजे गोवऱ्यांचा, उंच हुडवा रचलेला. बाळाक्का हुडव्याआड जाऊन उभी राहिली. तोंडात शिव्या जमवूनच आली होती. तुझ्या येळ्ळूरला जा चालती हो, इथपर्यंतचं सगळं तयार होतं.

आतून दिपालीचा आवाज आला.

"तर कोठारं भरली सावल्यांनी. आता नगरात कुणाच्या पायाशी सावली न्हाय. उन्हात माणसं हिंडूलेत, भुईवर काळं काय न्हाय. आन् राजा कोठारात एकटाच बसूलाय."

"हूं. का गं?" ही रुक्माबाई.

"भ्या वाटूलंय त्याला."

"राजाला? सावल्या गेल्यात लोकांच्या, आन् भ्या ह्याला?"

"लोकांस्नी राजा समोर असला की तेवढ्यापुरतं भ्या. ह्याला दिवसरात. लोक हसलं की वाटतंय, मला हसत्यात. गप बसलं की वाटतंय, काय तर शिजवूलेत."

"मग सोडून द्यायच्या की सावल्या मुडद्यानं."

"कशा सोडंल? सावल्या अडकल्यात म्हणून तर लोक दरबारात येत्यात. सोडल्या, आन् दुसऱ्या दिवशी कोण आलंच न्हाय तर?"

बाळाक्काच्या हाताखालची शेणी मोडली.

"पयल्यांदा तसा न्हवता तो," दिपाली सांगत होती. "गुराखीच ते. लोकांस्नी वळखून बोलायचा, हसायचा. एक दिवस नगरात लगीन व्हतं. राजा गेला. तिथं परगावचा एक हलगीवाला आलता. त्यानं हलगीवर थाप टाकली, आन् बसलेले लोक उठले नाचायला. नाचता नाचता सगळ्यांची राजाकडं पाठ झाली. एवढंच झालं. कोण वाईट बोललं न्हाय, काय न्हाय. नुसती पाठ झाली. घरी येऊन राजानं पयला हुकूम काढला."

"हलगीवाल्याची मान उडवली."

"न्हाय. हलगीवाल्याला हातच लावला न्हाय त्यानं. नाचणाऱ्यांच्या सावल्या घेतल्या."

"आगं आई," कुणीतरी हळू म्हणालं. एक रीळ घरंगळत गेलं आणि ते उचलायला कुणी उठलं नाही.

बाळाक्काच्या तोंडातल्या शिव्या विरघळून गेल्या होत्या. दिपालीनं तिला राक्षशीण केलं असतं तर बरं झालं असतं. मग हुडव्याआडून बाहेर पडून झिंज्या धरता आल्या असत्या. पण पोरीनं राजाला वाईट केलाच नव्हता. तिनं त्याच्या आत शिरून बघितलं होतं, जसं हत्तिणीच्या डोळ्यांत बघितलं होतं तसं. माझी कीव करते काय ही, असं वाटून बाळाक्काचं अंग पेटलं. आणि त्याच वेळी, लाज वाटावी इतक्या जोरानं, तिला पुढचं ऐकायचं होतं. कोठारात बसलेल्या राजाचं काय झालं? हलगीवाला कुठं गेला? कान भिंतीला लागले होते.

"मग?" सगळ्या एकदम म्हणाल्या. बाळाक्काच्या सोप्यावरून गेलेला तो "मग" इथं येऊन राहिला होता.

"मग उद्या. भाकरीची वेळ झाली," दिपाली म्हणाली, आणि सुपं आपटल्याचे आवाज आले.

दुपारी सगळ्या वेळेआधी आल्या. उशी ठेवली, चहा दिला. बाळाक्का खांबाला टेकली आणि चहा न घेताच बाजूला सारला. मग म्हणाली,

"रुक्मे, तुझ्या म्हशीनं प्लास्टिक खाल्लंतं."

"व्हय आक्का."

"माझ्या कथेचा आन् म्हशीचा काय संबंध न्हाय. म्या आपलं रागानं बोललेलं ते. मी काय सावली घेती व्हय गं कुणाची? तो नारळ म्या घ्यायला नगो व्हता."

"न्हाय आक्का. कशी घेशीला तुमी. प्लास्टिकच व्हतं ते," रुक्माबाई म्हणाली, आणि शेजारणीकडं बघून, "हाय न्हवं?"

"प्लास्टिकच," शेजारीण म्हणाली.

"हूं," बाकीच्या म्हणाल्या.

बाळाक्कानं एकेकीकडं बघितलं. सगळ्यांच्या माना खाली, बोटं झपाझप चाललेली. मीच म्हैस खाल्ली असं तिनं म्हटलं असतं तरी ह्या "व्हय आक्का" म्हणाल्या असत्या.

"मला तू म्हण की गं पयल्यासारखं," ती रुक्माबाईला म्हणाली.

"म्हणती की आक्का. तुमी सांगितलंसा तर म्हणती."

बाळाक्कानं सूप बाजूला ठेवलं. घसा खाकरला. "दिपाली, आज तू सांग. माझा घसा धरलाय."

"मी काय सांगू आक्का?"

"सांग की. त्या हलगीवाल्याचं पुढं काय झालं?"

बोलून गेल्यावर तिला कळलं. सगळी बोटं एकदम थांबली. हलगीवाला ह्या सोप्यावर कधी आलाच नव्हता. एका बाईनं पदर तोंडाला लावला. रुक्माबाईचा चेहरा त्या दिवशी पायरीखाली उभी होती तसा झाला. दिपालीचं तोंड मात्र आज पहिल्यांदाच उतरलं. तिनं ओठ ओले केले, दोनदा.

"भिऊ नगो गं. मला ऐकायचं हाय," बाळाक्का म्हणाली. ते तिला मऊ म्हणायचं होतं. इतक्या दिवसांत वापर नसल्यानं तो मऊपणा तिच्या आवाजात नीट बसला नाही, आणि बायकांना तो हुकमासारखाच ऐकू गेला.

दिपाली सांगू लागली.

"हलगीवाला आला आन् राजाच्या पाया पडला. राजा लई मायाळू. त्यानं त्याला पोटाशी धरलं, फेटा बांधला."

"हूं," बायका म्हणाल्या.

"राजासारखा राजा कवडीनगरात पयला झाला न्हवता, पुढं व्हणार न्हाय, असं हलगीवाला सगळीकडं सांगत हिंडला."

"हूं."

"आन् कोठार?" बाळाक्कानं विचारलं. "कोठारात बसलाय न्हवं त्यो एकटा?"

"न्हाय आक्का. कोठारबिठार काय न्हवतं. लोक आपलं उगंच बोलायचे."

"तसं न्हवतं ते." बाळाक्काचा आवाज चढला. "भ्या वाटतंय त्याला. तूच म्हणालीस की. खरं सांग."

"खरंच सांगूलेय आक्का. राजाला कशाचं भ्या? आनंदात व्हता राजा. परजा बी आनंदात." दिपालीनं खाली बघूनच एक पान उचललं, आणि येळ्ळूरची बोली सोडून इथल्यासारखी बोलायला लागली. "सुखानं राज्य केलं त्यानं. संपली कथा."

सासूच्या काळापासून ह्या सोप्यावर कुणी "संपली" म्हटलं नव्हतं. बायकांनी "हूं" म्हणून मान डोलावली आणि "लई चांगली झाली" असंही एक-दोघी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाक्का शेणींच्या हुडव्याआड जाऊन उभी राहिली. ह्या वेळी शिव्या घेऊन गेली नव्हती. परड्यात दिपालीची सासू कोंबड्यांना कण्या टाकत होती, बाकी कुणी नव्हतं. बाळाक्का तिथनं मारुतीच्या देवळामागं गेली, ओढ्याकडच्या गोठ्यापाशी गेली, आडावर उभी राहून कान देऊन ऐकलं. जेसीबीशिवाय काही ऐकू आलं नाही. भरमूच्या फळीवर मात्र संध्याकाळी खालच्या गल्लीची छाट पडतच होती.

दुपारी त्या अजूनही येतात. वेळेआधी. बाळाक्का सात पायांचा घोडा सांगते, डोंगर सांगते, आणि त्या हूं म्हणतात. सांगता सांगता ती मधेच एखादीच्या तोंडाकडं निरखून बघते. सकाळी हिनं ऐकलेलं असतं. राजा कोठारातून बाहेर पडला का, कुणी दार उघडलं का, का अजून तसाच बसलाय, हे हिला ठाऊक आहे, रुक्मीला ठाऊक आहे, गल्लीतल्या एकूण एक बाईला ठाऊक आहे. एक तिलाच तेवढं कुणी सांगत नाही.